त्याच्या वाटचं

माय, तू जाऊन इतके वर्षं झाले की तुहं तोंड आता नीट आठवत नाही. बोलणं मात्र आठवते. तू चुलीपुढं बसली आहेस, मी दुसरी भाकर मागते, अन् तू तव्यावरची नजर न हटवता म्हणते, "पोटात त्याच्या वाटचं खाल्लं, आता माह्याही वाटचं खा." तो म्हणजे माह्यासंगं जन्मलेला भाऊ, ज्यानं दिवसही पुरा पाहिला नाही. भाकर तू देल्ली. मी खाल्लीही. भूक लागली होती.

आज अकोल्याच्या दवाखान्यात बसून हे लिहून राहिली. नातीच्या पोटात जुळं आहे. डॉक्टरीण म्हणते, पोटातली वार दोघायत एकच आहे, रक्त एकाकडंच जास्त जाऊन राहिलं, दुसरं सुकून राहिलं. उद्या सकाळी ऑपरेशन. नात शाळेत मास्तरीण आहे. भेव लपवायले मले मोबाईलवरून ग्रीक लोकायची गोष्ट वाचून दाखवते. देव राजहंस होऊन राणीपाशी आला, अन् तिले अंड्यातून पोट्टे झाले.

"अंड्यातून? राणी होती का कोंबडी?"

"आजी, आयक ना व!"

जुळे भाऊ. एक देवाचा, त्याले मरण नाही. दुसरा राजाचा, तो लढाईत मेला. तं पहिला बापाले म्हणाला, माहं अर्धं आयुष्य त्याले दे. तवापासून दोघं एक दिवस मेलेल्यायत, एक दिवस देवायत. आभाळातले ते जोडीचे तारे म्हणजे तेच. फोटो पाहिला, तं आपलंच पुनर्वसू, तरण्या पावसाचं नक्षत्र!

मंग तिनं हळूच विचारलं, "माह्यातलं मोठं देईन का व लहान्याले अर्धं?"

"पोटात कोणी वाटणी करत नाही, बाई. रक्त जाते तिकडं जाते. त्यात लेकराचा काय दोष?"

बोलून गेली, अन् मंग ध्यानात आलं, हे मले कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

तुह्यावर राग नाही. एक मेलेलं उचलून नेलं अन् दुसरं छातीशी रडून राहिलं, तवा तुहं काय झालं असन, ते आता या बाकड्यावर समजून राहिलं. भेव माह्याच जिभेचं आहे. ती तुह्यावर गेली.

हे पत्र कुठं धाडू? धाडायचंही नाही. मघाशी नातीनं विचारलं, "टोपरे आणले ना दोन?" मी म्हणाली, "हो, पिशवीत आहेत."

एकच शिवलं, माय.