शेरा : घर योग्य

१८ जानेवारी २००६, बुधवार
...आणि मी केरसुणी घेऊन टेबलाखाली वाकले की हे पाय वर उचलून धरायचे. "झालं?" "नाही, धरा अजून." पेन्सिली तासल्याची भुकटी रोज तिथंच सांडायची. नकाशे काढणाऱ्या माणसाला साधी डबी धरून पेन्सिल तासता येऊ नये, असं मी रोज म्हणायची. मग दूध, नळाचं पाणी, डबे.
आज तिथं वाकले. काहीच निघालं नाही. चार वर्षं काही निघत नाही, तरी पायांपुरती जागा सोडून झाडते. ऑफिसला उशीर.

२० जाने., शुक्र.
साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. परदेशातल्या डॉक्टरांचं बोलणं कानाला लावून आमच्या मुली टाइप करतात. ते दवाखाने आता विचारताहेत, तुमच्या कामापायी हवेत धूर किती जातो? म्हणून आठवड्यात तीन दिवस घरून काम, दोन दिवस ऑफिस. एक जनरेटर बंद, मुलींना आणणारी एक बस बंद. ज्यांच्या घरी शांत जागा, त्यांच्याकडे कंपनी कॉम्प्युटर बसवणार; बाकीच्या रोज ऑफिसला.
घरं बघायचं काम माझ्याकडं. "मॅडम, तुम्हाला कोणी दारातून परत नाही पाठवणार."
मनापासून आवडलं. आमच्या धुरानं समोरच्या बालवाडीच्या खिडक्या वर्षभर बंद असतात. यांचा शेवटचा हिवाळा आठवतो. एकेक श्वास मागून आणल्यासारखा.

२५ जाने., बुध.
नऊ घरं झाली. मलकपेठची एक पोरगी म्हणते, "काकू, मुलगी बघायला आल्यासारखं करताय. चालून दाखवू का?" हसले. एका घरी टीव्ही दिवसभर चालू, तिथं "अयोग्य" लिहिलं. पोरीला वाईट वाटलं, पण काम म्हणजे काम.

२७ जाने., शुक्र.
बरकतपुरा, अश्विनीचं घर. ही आमच्यातली सगळ्यात बिनचूक मुलगी, लग्नाला दीड वर्ष झालं.
घरात संक्रांतीचं हळदीकुंकू. मी दारातच थबकले. सासूबाई उठून आल्या. "या की आत. एवढ्या तेलुगू वस्तीत मराठी माणूस घरी आलं, आज चांगला दिवस बघा." मी सांगितलं, मी कामाला आलेय, आणि मला हे नसतं. "कोण म्हणतंय नसतं? नक्को ते जुनं. बसा इथं." आणि सगळ्या बायकांसमोर माझ्या कपाळाला कुंकू लावलं. तिळगूळ दिला, वाण म्हणून चहाचं गाळणं दिलं.
चार वर्षांत कुणी बोट लावलं नव्हतं.
कॉम्प्युटरची जागा दाखवली. बैठकीच्या कोपऱ्यात, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. येता-जाता माणसं. मी लिहिलं: शांत. शेरा: घर योग्य.
अश्विनी त्या दारात उभी होती. माझ्याकडं बघून तिनं मान हलवली. नको.
मला दिसलं नाही, असं लिहिणार होते. दिसलं.

१६ फेब्रु., गुरु.
जनरेटर बंद. बालवाडीच्या खिडक्या उघडल्या आहेत, पोरांची तेलुगू गाणी थेट माझ्या टेबलापर्यंत. साहेब खूश.
अश्विनी तिच्या ऑफिसच्या दिवशी आली. वाळली आहे. मी फाईल शोधत राहिले.

२ मार्च, गुरु.
डबा खाताना अ. स्वतःच बोलली.
"काकू, घरी सगळ्यांचं एकच. घरीच तर आहेस, एवढं पीठ मळ. घरीच तर आहेस, सिलिंडरवाला बघ. इकडं डॉक्टर बोलतोय, मागं कुकर. परवा डाव्या मूत्रपिंडाचं उजवं लिहिलं मी. तपासणीत सापडलं म्हणून. नाही तर?"
सासूबाईंना सांगून बघ, म्हणाले.
"त्या वाईट नाहीत हो. त्यांना हे काम वाटतच नाही. घरी मी नुसती सूनबाई. इथं मला सगळे अश्विनी म्हणतात, तेवढंच." मग म्हणाली, "त्या दिवशी मी मान हलवली होती. तुम्हाला दिसलं नसेल."
"नाही गं," म्हणाले मी.
किती सहज.

८ मार्च, बुध.
साहेबांनी बोलावलं. अ.च्या महिन्यात तीन चुका. सोमवारपासून तिला काढणार.
मी म्हणाले, तिला रोज ऑफिसला येऊ द्या.
"एकीला दिलं तर उद्या सगळ्या मागतील. मग बस परत, जनरेटर परत." ते खोटं नाही. मग माझाच कागद पुढं केला. "घर शांत आहे, तुम्ही स्वतः बघून आलात. म्हणजे मुलगीच लक्ष देत नाही."
माझी सही. माझं अक्षर.
बोलायला हवं होतं. बालवाडीतली पोरं ओरडत होती, ती ऐकत उभी राहिले.

९ मार्च, गुरु.
त्या गाळण्यातून रोज चहा गाळते. आज दोनदा धुतलं, उगीच.
वाचायला मी लग्नानंतर शिकले, वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून. हे शेजारी बसून चुका काढायचे. पहिल्यांदा सही केली तेव्हा म्हणाले, आता जपून, सहीला वजन असतं. मी हसले होते.
एका कुंकवावर विकली गेले. त्या बाईंनी मनापासून लावलं होतं, हे त्याहून वाईट. त्यांनी काही मागितलं नव्हतं. मीच देऊन आले, आणि दिली ती दुसऱ्याची पोर.
आणखी एक. हे आत्तापर्यंत इथंही लिहिलं नाही. चिक्कडपल्लीत एक घर आहे, नऊ ते सहा रिकामं, चिटपाखरू नाही, खिडकीशी मोठं टेबल. बरकतपुऱ्याहून चालत येण्यासारखं. बस नको, धूर नको. घरं बघत शहरभर फिरले, हे एक सोडून.
टेबलावर कालव्याचा नकाशा आहे, अर्धा. वर पट्टी, यांनी ठेवली तशी.

११ मार्च, शनि.
काल सकाळी टेबल रिकामं केलं. नकाशा गुंडाळून कपाटात ठेवला. पेन्सिली पुसल्या. टेबलाखालून झाडलं, पार भिंतीपर्यंत.
ऑफिसला जाऊन साहेबांना कागद दिला: अश्विनीच्या घराचा माझा शेरा खोटा आहे, चूक माझी, तिची नाही, कॉम्प्युटर माझ्या घरी बसवावा. त्यांनी दोनदा वाचला. "बघतो," म्हणाले. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.
अ.चा घरचा दिवस होता. चालत बरकतपुऱ्याला गेले. सासूबाईंनीच दार उघडलं. "या, या! अगं सूनबाई, काकू आल्यात, चहा टाक."
अ.नं कानावरचं काढलं आणि उठली.
मी म्हणाले, "चहा नको. तिला काम करू द्या. तुम्ही बसा, मला तुमच्याशी बोलायचंय."