कोणीही जिंको, एक डॉलर माझा

डेव्हन ॲव्हेन्यू, शिकागो
सप्टेंबर १९८६

आदरणीय रामभाऊ यांस,
दादारावचा जय भीम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींची साखर कशी आहे? इकडे मी बरा, दुकान बरं, आणि तुमची बहीण जाई ॲन आर्बरला सुजाताकडे गेली आहे. (आई लेकीकडे जाते, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. फक्त जाताना ती दोन्ही कुकर घेऊन गेली.) तुम्ही तिचे थोरले भाऊ, तेव्हा नागपुरात उलटसुलट काही पोहोचण्याआधी खरं काय ते माझ्याकडून ऐका.

तुम्हाला माहीत आहेच, माझं दुकान दोनशेवीस व्होल्टच्या सामानाचं. इथून देशात जाणारा माणूस मिक्सर, टीव्ही नेतो तो माझ्याकडून. दुकानात सहा टीव्ही कायम चालू, म्हणून रविवारी आपली मंडळी टेनिस बघायला येऊन बसतात. (बसतात, चहा पितात, विकत काही घेत नाहीत.) पलीकडचा गोरा सलूनवाला चोरून पैजा घेतो. मंडळींतल्या मोहनने एका खेळाडूवर लावले की त्याची बायको पद्मिनी दुसऱ्यावर लावणार, कारण नवऱ्याशी सहमत होणं तिच्या स्वभावात नाही. बाकी जोडप्यांनीही तेच धरलं. हिशोब असा की टेनिसमध्ये बरोबरी नसते, दोघांतला एक जिंकणारच, म्हणजे घरातला पैसा घरात.

मी फाउंड्रीत घण मारत असल्यापासून कान उघडे ठेवून जगलो. एकदा मी केस कापून घेत असताना हा सलूनवाला फोनवर कुणाला तरी सांगत होता की टेनिस त्याला कळत नाही आणि आवडतही नाही, दोन्ही बाजूंना सारखी माणसं मिळाली की झालं. अर्धे केस कापलेल्या डोक्याने मी हिशोब केला. खेळाडू तुल्यबळ असतील तर दहा जिंकायला तो अकरा घेतो. मोहनचे अकरा, पद्मिनीचे अकरा, झाले बावीस. जिंकणाऱ्याला परत एकवीस. घरातला पैसा घरात म्हणता म्हणता एक डॉलर सलूनमध्ये. नामांकित खेळाडूसमोर कच्चा असेल तर आणखी गंमत. नामांकितावर तीस लावा तेव्हा दहा सुटतात, मग कच्च्यावर दहा लावून तो जिंकला तर तीस सुटायला हवेत. हा देतो पंचवीस. लोक भांडतात कोण जिंकणार यावर, आणि हा त्या दोन दरांच्या मधल्या फटीत खुर्ची टाकून बसलेला.

आता खऱ्या मित्राने मंडळींना सावध केलं असतं. मी म्हटलं, फट आहेच तर खुर्ची आपल्या माणसाची का नको? पुढच्या रविवारपासून पैजा मी घ्यायला लागलो, भाव तेच. (चहा वर फुकट. सलूनमध्ये चहा मिळत नाही, हे कुणी लक्षात घेत नाही.) जाईही लावायची, नेहमी हरणाऱ्यावर, आणि हरल्यावर मिक्सरची खोकी उगाच आपटत रचायची.

पद्मिनी आणि जाई मागे चहा करताना बोलल्या, आणि दोघींच्या लक्षात आलं की कोणीही जिंको, एक डॉलर नाहीसा होतो. माझे तीक्ष्ण कान त्या दिवशी गिऱ्हाइकाला व्होल्टेज समजावत होते. जाईने सगळ्यांसमोर विचारलं, माझ्याही पैशांतून कापता? इथे नवऱ्याने खोटं बोलायचं असतं. मी दुकानदारासारखं उत्तर दिलं की नियम सगळ्यांना सारखा. ती म्हणाली, "म्हणजे मी गिऱ्हाईक. बरं झालं सांगितलंत. गिऱ्हाइकाला दुकानात राहायची सक्ती नसते." दुसऱ्या दिवशी बसने गेली.

मंडळी माझ्याशी बोलत नाहीत, टेनिस मात्र माझ्याच टीव्हीवर बघतात. रामभाऊ, गोरा कापत होता तोवर तो धंदा होता, आपल्यातल्याने कापलं की लबाडी. ज्यांचे मिक्सर मी फुकट दुरुस्त केले तेच आज मला भाव शिकवतात.

असो. मी मजेत आहे. भात मला करता येतो, फक्त तो खाणारा माणूसही मीच आहे. वहिनींना नमस्कार.

आपला,
दादाराव

ता. क. जाईला दोन ओळी लिहाल का? तुमचा शब्द ती मोडत नाही. मी सांगितलं असं कळू देऊ नका. चूक माझी होती असं लिहिलंत तरी चालेल.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करणार तोच कळलं की मोहनने आता स्वतः पैजा घ्यायला सुरुवात केली आहे: थंडी पडायच्या आत जाई परत येते की नाही. सगळी मंडळी 'नाही'वर. एका बाजूला इतकी गर्दी पाहून मोहन घाबरला आणि 'येईल'चा भाव दहाला चाळीस केला. त्या बाजूला मी एकटा आहे, शंभर लावून. धंद्यातल्या माणसाने कधी बाजू घेऊ नये हे मला समजतं, तरी घेतली. आणि जाईने ॲन आर्बरहून पद्मिनीला फोन करून 'नाही'वर अकरा लावले आहेत. तिला लिहा, परत आली तर तिचे अकरा मी भरून देईन, पूर्ण अकरा. माझ्या शंभराचं मात्र लिहू नका. ती म्हणेल, मला घरी आणण्यातही यांना काहीतरी सुटतंय.