गिरणीपासून पुलापर्यंत

प्रिय यार्ने,

रविवारी तू गेल्यावर मी ताटं विसळलीच नाहीत. तशीच ठेवून वर जाऊन पडले. सकाळी पाहते तर रस्सा थिजून ताटांना चिकटलेला, आणि मला त्याचंही काही वाटलं नाही. अशी मी कधी नव्हते. कॉफी केली, टेबलाचा एक कोपरा मोकळा केला आणि लिहायला बसले. समोरासमोर बोलता आलं असतं, पण तू मान खाली घालतोस. तू मान खाली घातलीस की माझं पुढचं बोलणं राहून जातं आणि मी तुला आणखी एक बटाटा वाढते. वर्ष होत आलं, आपलं हे असंच चाललंय.

ओमेरबद्दल तू मला बरंच विचारलंस, पण त्याच्या कामाबद्दल कधीच नाही. ते विचारायला तू भितोस हे मला कळतं. जन्मभर, आमच्या लग्नाच्या आधीपासून, त्याने शाळेची बस चालवली आणि वसंत आला की सायकलच्या शर्यतींत मोटरसायकल. कॅमेरावाल्यांची नाही, पंचांची नाही, झेंड्याची. शर्यतीच्या पुढे जायचं, रस्त्यात दुभाजक आला की तिथे उभं राहून शिट्टी फुंकायची, पिवळा झेंडा हलवायचा, तुमचा घोळका दोन्ही बाजूंनी सुखरूप निघून गेला की पुन्हा गाडीवर बसायचं आणि तुम्हा सगळ्यांना ओलांडून पुढच्या दुभाजकापाशी पोचायचं. घरी आल्यावर बूट काढता काढता तो म्हणायचा, "कामच विचित्र आहे बघ, गोदेलीव. पोरांना धोका दाखवायला पुढे जायचं, आणि पुढे जायला पोरांच्या अंगाला घासून जायचं." मी म्हणायची, मग सोड. तो म्हणायचा, मी सोडलं तर माझ्या जागी कुणीतरी घाई करणारा येईल.

त्या दिवशी गिरणी आणि पूल यांच्या मधल्या रस्त्यावर तो तुमच्या घोळक्याला डावीकडून ओलांडत होता. तो रस्ता तू ओळखतोस. दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले तर एकाला शेतात उतरावं लागतं. काँक्रीटच्या लाद्या, त्यांच्यामधल्या फटी, आणि कडेला गुरांच्या कुंपणाचे सिमेंटचे खांब. तुझ्या चाकापुढे फट आली, तू हातभर डावीकडे सरकलास. ओमेरने गाडी खांबावर घातली आणि जागीच गेला. तुला साधा धक्काही लागला नाही. तू मागे आवाज ऐकलास आणि वळून पाहिलं नाहीस, कारण शर्यतीत कुणी वळून पाहत नाही. तू अकरावा आलास, आणि मागे काय झालं ते तुला संघाच्या बसमध्ये, पायांना मालीश चालू असताना कळलं. हे सगळं तूच मला सांगितलंस, पहिल्यांदा आलास तेव्हा, दारात उभा राहून. मी तुला आत घेतलं ते क्षमाबिमा केली म्हणून नाही. बाहेर वारा होता, आणि तुझ्या अंगात नुसता पातळ शर्ट होता.

मग तू येतच राहिलास. गवत कापलंस, पन्हळ साफ केलीस, ओमेरची कबुतरं तुझ्या हातावर बसायला लागली. तुझ्या वयाच्या पोराने रविवारी मैत्रिणीला घेऊन समुद्रावर जावं. तू माझ्याकडे बिअरमध्ये शिजवलेलं मांस खात बसायचास आणि चर्चमधल्या बायका मला म्हणायच्या, "नशीबवान आहेस गं, असा मुलगा मिळाला." मी हो म्हणायची. खोटं नव्हतं ते. तू येणार म्हणून मी केस विंचरायची, टेबलावर धुतलेलं कापड घालायची. पहिले काही महिने तेवढ्यासाठीच उठत होते म्हटलं तरी चालेल.

पण जानेवारीतली ती बैठक मला अजून पचलेली नाही. कॅफेच्या वरच्या हॉलमध्ये संयोजक, मोटरसायकलवाले, गावातले लोक, सगळे जमले होते. मुख्य संयोजक फेरहेल्स्ट नेहमीसारखा गोड आवाजात बोलत होता, की घडलं ते दुर्दैवी, ओमेर आमचा भाऊ होता. तेवढ्यात रोलंट उठला. इतकी वर्षं ओमेरच्या बरोबरीने झेंडा घेऊन हिंडलेला माणूस, सभेत तोंड उघडायला त्याला किती जड जातं ते मला माहीत आहे. तो म्हणाला, "भाऊ होता ते राहू दे. गिरणीपासून पुलापर्यंत आम्ही ओलांडायचं कुठून, तेवढं सांग. पोरांच्या डोक्यावरून?" लोक हसले, आणि फेरहेल्स्ट गोड आवाज विसरून समोरचे कागद चाळायला लागला. आणि तू उभा राहिलास. "चूक माझी होती," म्हणालास. "मी न बघता सरकलो. रस्त्याचा दोष नाही."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. फेरहेल्स्टने तुझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, असा प्रामाणिकपणा हल्ली दिसत नाही. रोलंट खाली बसला. विषय संपला आणि सगळे खाली बिअर प्यायला गेले. परतताना तू गाडी चालवत होतास आणि मी तुला इतकं हलकं झालेलं कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी तू दोनदा वाढून घेतलंस. तुला जेवताना पाहून मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला, यार्ने. मोठा राग नाही, तेवढी ताकदच नव्हती. सायकल चालवणारा फट चुकवणारच. तू नसतास तर दुसरा कुणी सरकला असता. तू दोष अंगावर घेतलास आणि तो संयोजकांना फार सोयीचा पडला.

म्हणून मी रोलंटकडे गेले. तो शेडमध्ये गाडीची साखळी पुसत होता. विचारलं, या वर्षी तिथून जाशील का? म्हणाला, "जावं लागतंय. पुलापलीकडच्या दुभाजकांपाशी उभं कोण राहणार, तू?" मी म्हटलं, हो, मी. मग तो साखळी खाली ठेवून म्हणाला, "तू राहिलीस, आणखी चार माणसं राहिली, तर आम्हाला त्या रस्त्यावर ओलांडायचं कारणच उरत नाही. कालव्याकडून वळसा घालून पुढे निघू." दुसऱ्या दिवशी त्याने बाकीच्या मोटरसायकलवाल्यांना गोळा केलं आणि ते सगळे फेरहेल्स्टकडे गेले. त्या पट्ट्यात आम्ही कुणीही ओलांडणार नाही, म्हणाले, नाहीतर दुसरे बघ. फेरहेल्स्ट मला फोनवर म्हणाला, "मादाम, झेंड्यासाठी माणसं मी आणू कुठून?" मी म्हटलं, तुम्ही नका आणू.

फेब्रुवारीभर दारोदार हिंडले. गुडघे माझे तुला माहीतच आहेत. खाटीक म्हणाला, "शर्यतीच्या दिवशी मी सॉसेज विकतो, झेंडे हलवत नाही." त्याची बायको आतून ओरडली, "याचं नाव लिही गं, एरवी तरी कुठे हात हलवतोय." चर्चच्या गायनमंडळातल्या दोघी तयार झाल्या, एक शिक्षक, आणि शिट्टी फुंकायला मिळणार म्हणून बेकरीवाला म्हातारा. ठरलं आहे आता. फेरहेल्स्टने लेखी दिलंय. त्या पट्ट्यात मोटरसायकल नाही, संघांच्या गाड्या सगळ्यांच्या मागे. पुढच्या वर्षी तो पुन्हा मागे फिरणार नाही याची खात्री मला नाही, पण यंदा तरी नाही. हे मी तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच मदतीला आला असतास, आणि हे मला तुझ्याशिवाय करायचं होतं.

परवा तुझ्या आईचा फोन आला होता. म्हणाली, मागे मोटरसायकलचा आवाज आला की तू ब्रेक दाबतोस, घोळक्याच्या शेवटी जाऊन राहतोस, आणि या वर्षीच्या शर्यतीत तुझं नाव घेऊ नका असं तू स्वतःच संघाला कळवलंस. मला वाईट वाटू नये म्हणून. बिचारी अडखळत होती. मग म्हणाली, "तो घरी कधी जेवतच नाही हो रविवारी." तिने तक्रार केली नाही, पण मी फोन ठेवला आणि खुर्चीवर तशीच बसून राहिले. पलीकडेही एक टेबल मांडलेलं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेव्हा हे पत्र त्यासाठी. येत्या रविवारी येऊ नकोस, यार्ने, आणि त्याच्या पुढच्याही. तू काही चुकीचं केलंस म्हणून नव्हे. तू आलास की मला क्षमा करणारी बाई व्हावं लागतं, आणि तुला क्षमा मागणारा मुलगा, आणि दोघांनाही आता ते झेपत नाही. ओमेर गेला याने मी थकले नाही, ते मी कसंही सोसते आहे. दर आठवड्याला तुझ्यासमोर नीट सोसून दाखवताना थकते. एखाद्या रविवारी मला दिवसभर झोपायचं आहे, एखाद्या रविवारी रडायचं आहे, आणि एखाद्या रविवारी मला ओमेरचा राग करायचा आहे, की मी इतकं सांगत होते तरी सोडलं का नाही. तुझ्यादेखत त्यातलं काही करता येत नाही. संघाला फोन करून नाव परत घालायला सांग. वेळ अजून गेलेली नाही, तुझ्या आईला मी विचारून घेतलंय. शर्यतीच्या दिवशी पुलापलीकडच्या पहिल्या दुभाजकाशी मी उभी असेन. तू तिथून जाशील तेव्हा माझ्याकडे पाहू नकोस. माझा झेंडा ज्या बाजूला असेल त्या बाजूने जा, बस.

तुझीच,
गोदेलीव