जिन्यावरचं मशीन

प्रिय दादा,

परगावच्या सुतारशाळेत शिकवायची नोकरी चालून आली आणि तू ती नाकारायला निघालास, हे वहिनीकडून कळलं. कारण काय, तर माझी पाठ! मग आधी तिचीच खबर ऐक.

इथे मावशीच्या गावी येऊन ऑपरेशन केलं, त्याला सहा आठवडे झाले. मणक्यात चार स्क्रू आणि दोन सळ्या आहेत. एक्स-रे बघताना तुझी आठवण झाली. एक स्क्रू जरा तिरका दिसतो म्हणून तू डॉक्टरांनाच कामाला लावलं असतंस. व्यायाम झाले, पट्टा झाला, पाठीतली इंजेक्शनं झाली, पण पाय बधिर व्हायला लागल्यावर दुसरा इलाज उरला नव्हता. सिस्टरनी मला ओंडक्यासारखं सबंध कुशीवर वळवून पहिल्यांदा उभं केलं, तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. आता कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत एकटी जाऊन येते. वाकायचं नाही, दुधाच्या पिशवीपेक्षा जड काही उचलायचं नाही. वीस मिनिटं बसायची परवानगी आहे. काल मावशीच्या जुन्या मशीनवर एक अख्खी बाही जोडली आणि वेड्यासारखी रडले. मावशी घाबरून डॉक्टरांना फोन लावायला निघाली होती.

अकरा वर्षांपूर्वी मी नवऱ्यापासून वेगळी होऊन त्या खोलीत राहायला आले. माझं मशीन जिन्यावरून वर नेताना माझ्याच कसल्याशा विनोदावर तू हसलास, तुझी पकड सुटली आणि सगळा भार माझ्यावर आला. दुसऱ्या दिवशी मला उठता येईना. तेव्हापासून तू रोज संध्याकाळी येऊन कापडाचे तागे फळीवर चढवतोस, मला साधी खुर्चीही सरकवू देत नाहीस. चहा पितोस, वहिनीच्या तक्रारी सांगतोस, पण चुकूनही माझ्या पाठीकडे बघत नाहीस.

आता पुढचं बसून वाच. डॉक्टर म्हणतात, हा मणका लहानपणापासूनच कच्चा होता, सरकायचा तो सरकलाच असता. तुझ्या हातून काही झालेलं नाही. आणि दादा, हे मला नवीन नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी पहिल्याच तपासणीत मला हेच सांगितलं होतं. तुला सांगायचं म्हणून घाईने घरी आले, तर तू तागे खांद्यावर घेऊन दारात उभा. म्हटलं, उद्या सांगू. तो उद्या मी कधी उजाडूच दिला नाही. रागाव, महिनाभर बोलू नकोस, पण त्या नोकरीला हो म्हण. मला संध्याकाळी घरात तू हवा होतास रे, आणि तसं सरळ मागायची लाज वाटली.

तुझीच,
लबाड धाकटी