तेवीस फेब्रुवारीचं मचाण

बुधवार, २९ ऑक्टोबर

प्रिय आर्विड,

आधी एक दुरुस्ती. मार्चमधल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की ते मचाण मी दोन मार्चला, म्हणजे मुदत उलटल्यानंतरच्या रविवारी, झाडावरून उतरवलं. ते चूक आहे. मी ते तेवीस फेब्रुवारीला उतरवलं. तोही रविवारच होता, पण मुदतीच्या आधीचा. घाईत तारीख चुकली असं समजू नकोस. लिहिताना मला खरी तारीख ठाऊक होती, आणि लिहून झाल्यावर ती खोटी तारीख मी दोनदा वाचून पाहिली, खरी वाटते का म्हणून.

आपल्या आईची चुकांची वही आठवते ना? स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपली शाळा भरायची तेव्हाची. डाव्या पानावर चूक झाली तशी लिहायची, उजव्या पानावर दुरुस्ती, खोडरबर चालणार नाही. आणि तिला सापडण्याआधी आपणच लिहिली तर ती चूक धरायची नाही. तू तिला चिडवायला न केलेल्या चुकाही लिहून ठेवायचास. मी शाळा सुटल्यावर परत येऊन विसरलेला एखादा स्वल्पविराम नोंदवून जायचे. त्याच मुलीनं आठ महिने डावं पान कोरं ठेवलं.

तुझं पत्र काल आलं. पाइनच्या त्या झाडावर मचाण छान बसलं, धनुष्यानं शिकार करायच्या मोसमात पाच संध्याकाळी तू तिथे काढल्यास, एक हरिणी आणि तिची दोन पाडसं खालून गेली आणि तू बाण उचललाच नाहीस, हे वाचून मला फार बरं वाटलं असतं. पण पुढे तू लिहिलं आहेस, 'दुसऱ्या कुणी दिलं असतं तर मी दहा प्रश्न विचारले असते. तू दिलंस, म्हणून डोळे मिटून चढतो.' ते वाक्य वाचून मी पत्र घडी करून पिठाच्या डब्यामागे ठेवलं. आज ते परत काढलं आणि लिहायला बसले.

तर ते जसं घडलं तसं सांगते. ओढ्यापलीकडच्या सरकारी जंगलात, जुन्या रेल्वेच्या भरावाजवळ, मी जानेवारीतच ते मचाण पाहिलं होतं. बैठकीची एक कड साळिंदरानं कुरतडलेली, बसायच्या जागी पाइनच्या सुयांचा थर, आणि एक पट्टा इतका जुना की खोडाची साल त्याच्यावर चढू लागली होती. मी स्वतःला म्हटलं, हे कुणीतरी विसरून गेलं आहे. पण मालकानं मचाण एक मार्चच्या आत झाडावरून उतरवायचं, त्यानंतर राहील ते बेवारस, हा नियम मला पाठ आहे. दुकानात शिकारीचे परवाने देताना तोच कागद मी दिवसातून वीस वेळा लोकांपुढे सरकवते. आणि एक मार्चच्या सकाळी किती जण बर्फगाड्या काढून बाहेर पडतात हेही मला माहीत आहे. ते काही हवा खायला जात नाहीत. मला वाटलं, मी नियमाची वाट बघत बसले तर दुसरा कुणी घेऊन जाईल. तू तिकडे विस्कॉन्सिनला जाताना शिकारीचं सगळं सामान विकून टाकलं होतंस, बाळ येणार होतं, आणि मला तुला काहीतरी मोठं द्यायचं होतं. इतकी साधी हाव होती.

कमरेइतकं बर्फ होतं, त्यामुळे मचाण नेहमीपेक्षा जवळ आलं होतं. मी दोरीनं ते हळूच खाली सोडलं, शिडीचे चारही तुकडे काढले आणि घसरगाडीवर बांधून आणले. संध्याकाळी पुन्हा बर्फ पडलं आणि माझ्या पावलांचे ठसे बुजले. मला तेव्हा हायसं वाटलं होतं. बेवारस वस्तू आणणाऱ्या माणसाला ठसे बुजल्याचं कशाला बरं वाटेल, हे मी स्वतःला विचारलं नाही.

बाबांनी शेडमध्ये ते पाहिलं तेव्हा मार्च उजाडला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "तारीख उलटली होती ना?" मी हो म्हटलं. "मग ठीक. कायद्यानं वागलीस." मग कॉफीचा घोट घेऊन म्हणाले, "तुझ्या आजोबांनी तारीख विचारली नसती. बर्फ किती होतं ते विचारलं असतं. मार्चच्या एकला कुठला म्हातारा कमरेइतक्या बर्फातून जाणार? जंगल सगळ्यांचं आहे, पोरी. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही असं नव्हे." मी मान हलवली आणि मचाणाला तेल द्यायला लागले.

दुसरी दुरुस्ती आता करते. मी लिहिलं होतं की त्याच्यावर नाव नव्हतं. नाव होतं. खोडाच्या बाजूला तांब्याची एक पट्टी लावली होती, खिळ्यानं ठोकून ठोकून अक्षरं पाडलेली, शेवटची दोन जागा न उरल्यानं एकमेकांत घुसलेली. हातमोजा काढून मी ती पट्टी पुसली आणि वाचली. रेइनो हौताला. खाली त्यांचा पत्ता. मी त्यांना ओळखत नव्हते असंही नाही. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, ते शहरातल्या हॉस्पिटलात होते, आणि दुकानात सगळ्यांच्या सह्यांसाठी ठेवलेल्या कार्डावर त्याच आठवड्यात मी 'लवकर बरे व्हा' असं लिहून सही केली होती. झाडाखाली उभं राहून मी विचार केला की चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, नवा खुबा, तो आता कशाला झाडावर चढतो आहे. मग स्क्रू काढून पट्टी खिशात टाकली. ती आत्ता या कागदाशेजारी आहे.

इथवरच असतं तर मी ते मचाण गुपचूप परत नेऊन ठेवलं असतं आणि तुला काहीतरी थाप मारली असती, हेही कबूल करते. पण या महिन्याच्या सुरुवातीला हौताला काठी टेकत दुकानात आले. जाहिरातींच्या फळ्यावर एक कागद लावायचा होता. म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे, तूच लिही. हरवलं आहे म्हण. चोरलं म्हणू नकोस, मी कुणाला चोर म्हणत नाही." मी लिहू लागले. बैठकीची कड साळिंदरानं खाल्लेली, ते सांगत होते आणि मी लिहीत होते. मग आपणहूनच म्हणाले, "खरं तर मचाणाचं काही नाही गं. मी हॉस्पिटलातून आर्मासला फोन केला होता, मुदतीच्या आत तेवढं उतरवून आण म्हणून. हो म्हणाला. चार दिवसांनी सांगतो, गेलो होतो, झाडावर काही नव्हतं. तेव्हा फेब्रुवारी संपलाही नव्हता. मुदतीच्या आत आपल्याकडे कोण हात लावतो? तो गेलाच नाही. गुडघे दुखतात म्हणाला असता तर मी काय त्याला मारणार होतो? एक्केचाळीस वर्षांनी माझ्याशी खोटं बोलायचं, ते कशासाठी?"

आर्मास केतोला तुला आठवत असेल, शाळेची बस चालवायचा तो. ते दोघं एक्केचाळीस वर्षं ओढ्याकाठच्या त्या कॅम्पवर, त्यांच्या एका खोलीच्या शिकारी झोपडीत, मोसम उघडायच्या आदल्या दिवशी जमतात. एक जण वाटाण्याचं सूप आणतो, दुसरा सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, तापवतो, आणि पंधरा नोव्हेंबरला पहाटे दोघं एकाच वाटेनं निघतात. मी कागद फळ्यावर लावला. टाचणी टोचताना हौताला मागून म्हणाले, "सरळ लाव, पोरी. तुझ्या घरात सगळं सरळ असतं."

गेल्या शनिवारी केतोला आला. परवान्याचा कागद मागेल म्हणून मी हात पुढे केला, तर त्यानं काउंटरवर एक किल्ली ठेवली. "ही त्या म्हाताऱ्याला दे. कॅम्पची आहे." मी विचारलं, तुम्ही स्वतःच का देत नाही? "कारण तो माझ्याकडे बघताना माझ्या तोंडाकडे बघत नाही, गुडघ्यांकडे बघतो. अगं, मी गेलो होतो. बर्फावर चालायचे जोडे बांधून, दर शंभर पावलांवर थांबत, सव्वीस तारखेला. सालीवर पट्ट्याचा ओला वण होता, तो हातानं चाचपून आलो. आता मी काय, झाडाची साल सोलून त्याला दाखवायला न्यायची होती?" मग जरा हसला. "एक्केचाळीस वर्षं त्याच्या सूपमध्ये त्याची पाठ वळली की मीठ घालत आलो. यंदा खाऊ दे अळणी." आणि परवाना न घेताच गेला.

सव्वीस तारीख, आर्विड. सालीवरचा वण ओला होता, कारण मी तीनच दिवसांपूर्वी पट्टा ओढून काढला होता. जगात एकच माणूस आहे जो शपथेवर सांगू शकतो की आर्मास केतोला खरं बोलतो आहे. ती किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मी ती अजून हौतालांना दिलेली नाही. ती पोचवली की त्या दोघांचं संपेल, आणि पोचवणारा हात माझाच असेल.

आता माझ्या लक्षात आलं आहे की मचाण झाडावर परत नेऊन ठेवणं ही दुरुस्ती नाही, खोडरबर आहे. हौताला ते बघून म्हणतील, आर्मासला त्याच्या मनानं खाल्लं, आणून ठेवलं बघा. म्हणजे आजवर नुसता खोटारडा ठरलेला माणूस माझ्यामुळे चोरही ठरेल. नाव न घालता चिठ्ठी लिहायचाही विचार केला. चिठ्ठीचा मसुदाही केला. चांगला जमला होता, म्हणूनच चुलीत टाकला. लोक काय म्हणतील ते माझं मनात हजार वेळा ऐकून झालं आहे. परवान्याच्या काउंटरवर बसणारी, नियम पाठ असणारी, ती. दुकानात ठेवतील की नाही माहीत नाही. बाबा काय म्हणतील याची भीती त्याहून जास्त आहे. ते ओरडणार नाहीत, आणि तेच मला नको आहे. आईला मी काल सांगितलं. तिनं कणीक मळता मळता ऐकून घेतलं, हात धुतले आणि म्हणाली, "डावं पान झालं. उजवं कधी लिहिणार?"

म्हणून हे पत्र. मला मचाण परत हवं आहे. दिलेली भेट मागून घेण्याइतकं ओशाळवाणं दुसरं काही नसेल, आणि तू तर त्यावर बसून मला दुवा दिला आहेस. तुझा यात काडीचाही दोष नाही. मी कुणालाही तुझं नाव सांगताना आधी हेच सांगेन. तू मोसमासाठी येणारच आहेस. एक दिवस आधी ये, गुरुवारी, तेरा तारखेला, शिडीचे चारही तुकडे आणि तो जुना पट्टासुद्धा घेऊन. त्याला नवीन बक्कल लावलं असशील तर तसंच राहू दे. माझ्याबरोबर यायचा आग्रह करू नकोस. तू शेजारी उभा राहिलास की मी तुझ्या तोंडाकडे बघत बोलेन. मी आधी केतोलाच्या दारात जाईन, कारण खोटं पडलं ते त्याचं तोंड. तो येईल तर त्याला घेऊन, नाही आला तर एकटी, मचाण, तांब्याची पट्टी आणि किल्ली घेऊन कॅम्पवर जाईन. हौतालांना मी आजच फोन करून सांगितलं आहे की किल्ली माझ्याकडे आहे आणि ती मीच आणून देणार आहे. "कशाला तसदी घेतेस," ते म्हणाले, "कधी येतेस?" मी त्यांना दिवस सांगितला, म्हणजे आता तो मला बदलता येणार नाही. शुक्रवार, चौदा नोव्हेंबर.

तुझीच, जिच्या शब्दावर डोळे मिटून चढू नयेस अशी,
इंकेरी