डी ड्राइव्हमधले दादा

३ नोव्हेंबर, सोमवार

आई आज पुन्हा पदर सावरून जेवायला बसली. भिंतीवरच्या दादांच्या फ्रेमसमोर. "नंदे, ह्यो परका बाप्या आजून किती दीस हितं ठिवनार हाईस? घास गिळाया लाज वाटती." म्हटलं, अगं दादाच आहेत, तुझा नवरा. "तुज्या दादाला म्या कवा कोटात बगितला न्हाई."

बरोबर आहे. दादांनी जन्मात कोट घातला नाही. तो मी कॉम्प्युटरवर घातला, चार वर्षांपूर्वी ते गेल्यावर, दहाव्याच्या फ्लेक्ससाठी. आमच्या फ्लेक्सच्या दुकानातून शेवगाव तालुक्यातल्या निम्म्या गेलेल्यांना हाच कोट जातो. चेहरा कापायचा, कोटावर बसवायचा, वर फेटा, मागे ढग. त्याचीच पुढे फ्रेम केली.

आईला बांधावरचा फोटो हवाय. बनियन, धोतर, उघडं डोकं. माझ्या जुन्या मोबाईलवर काढलेला. मोबाईल मेला, फोटो दुकानातल्या डी ड्राइव्हला आहे. उद्या प्रिंट काढते म्हटलं. हे 'उद्या' दिवाळीआधीपासून चाललंय. डॉक्टर म्हणाले होते, आईचा विसर वाढतच जाणार, ओळख आहे तोवर दाखवायचं ते दाखवून घ्या.

४ नोव्हेंबर, मंगळवार

डी ड्राइव्ह गेला. गेला कसला, मी घालवला.

सी ड्राइव्ह भरला म्हणून पीसी रांगत होता. मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघत डीतली थोडी जागा सीला द्यायला बसले. समोर 'डिलीट व्हॉल्यूम' आलं. नक्की का, असं विचारलं. मी येस. पंधरा वर्षं मशीनने विचारलं की मी येस. डीच्या जागी नुसती काळी पट्टी.

तालुक्याचे सगळे चेहरे त्यात. वाढदिवस, निवडी, श्रद्धांजल्या. आणि बांधावरचे दादा.

बाहेर जाऊन पाणी प्यायले. परत येऊन बघितलं. पट्टी तशीच.

आईला सांगितलं नाही.

५ नोव्हेंबर

नगरला उमेशला फोन. कॉम्प्युटर कोर्सला माझ्या बाकावर असायचा, आता दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. "सुनंदा, आधी पीसी बंद कर. काही कॉपी नको, काही टाकू नको. डेटा पुसला जात नाही, त्याचा पत्ता पुसला जातो. त्या जागेवर दुसरं काही बसलं की मग मात्र गेला." बॅकअप? नाही. गिऱ्हाइकांना बॅकअपचं शहाणपण मीच शिकवते.

दुकान बंद ठेवलं. दुपारी आईशेजारी आडवी झाले. पत्ता पुसला, माणूस तिथंच. म्हणजे दादा कुठल्यातरी बांधावर बसलेत आणि तिकडे जायची वाटच तेवढी मोडलीय. पंख्याकडे बघत हेच घोळवत राहिले. झोप लागली ती चांगली पाचपर्यंत.

८ नोव्हेंबर, शनिवार

हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळून डब्याच्या पिशवीत, पिशवी मांडीवर. एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टर नगरच म्हणाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस लागलेला. टेम्पोतून उडालेला. सगळी वाट पांढरी पांढरी. शेजारच्या बाईने विचारलं, डब्यात काय हाय? म्हटलं, वडील. बाई खिडकीकडे सरकली.

उमेशने डिस्क लावली. आधी तिची पुरी नक्कल काढणार, मग नकलेत शोधणार. चार-पाच दिवस म्हणाला. निघताना मी डिस्कवर हात ठेवला. गरम होती.

१२ नोव्हें.

उ. चा फोन. "बरंच आलंय. पण नावं गेली, फोल्डर गेले. सगळ्यांना नुसते नंबर पडलेत. तुलाच शोधावं लागेल."

शोधते की. आणखी काय काम आहे मला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उ. कडून सगळं आणलं. दुपारभर नुसते चेहरे. एक झाला की दुसरा, बिननावाचे. सरपंच, त्यांच्या शेजारी कुणाचं बारशाचं बाळ, मग कुणाची तरी आजी. जिवंत कोण, गेलेलं कोण, मागे ढग असल्याशिवाय कळत नाही. सगळे सारखेच गोरे, सारखेच खूश. सगळ्यांना मीच गोरं केलेलं.

बघता बघता खुर्चीतच डोळा लागला. स्वप्नात सगळे फ्लेक्सवरून खाली उतरून दुकानापुढे रांगेत. एकेक जण कोट काढून माझ्या हातावर ठेवतोय, शिस्तीत, काही न बोलता. मी घड्या घालतेय. दादा रांगेत होते का ते बघायच्या आत जाग आली.

१७ नोव्हें.

आईला दुकानात आणलं, घरी एकटी नको म्हणून. शेजारी स्टूलवर बसली. जत्रेत आल्यासारखी बघत होती.

"ही शकू. हिच्या बाळतपनाला म्या हुते."

"हा मेला उसाचा काटा मारायचा."

"ही कवा गेली? न्हाई? बरं हाय की मग."

इतक्या परक्यांना ओळखते. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. कोटातले दादा आले. आई म्हणाली, "म्होरं चल."

२० नोव्हें.

नाही. निम्मे झाले असतील. बऱ्याच फोटोंत वर माणूस आणि कमरेखाली सगळं करडं. उ. म्हणतो, तिथे दुसरं काही बसलं असणार.

आईने सकाळी मला "बाई" म्हणून हाक मारली. नंदे नाही. नंतर नीट झाली. मी आंघोळीला गेले आणि नळ सोडून रडून घेतलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मिळाला.

बांध आहे, मागे तूर आहे, बनियन, धोतर, गुडघ्यावर ठेवलेले हात, अनवाणी पाय. डोकं नाही. मानेवर पांढरं भोक, कातरीने कापल्यासारखं.

आधी वाटलं डिस्कने खाल्लं. मग कळलं. डिस्कने नाही, मी. दहाव्याच्या घाईत चेहरा कॉपी करायच्या जागी कट केला असणार. फाईल बंद करताना सेव्ह करू का विचारलं असणार. म्हणजे ड्राइव्ह उडवायच्या चार वर्षं आधीच हा फोटो मी मोडला होता आणि दिवाळीआधीपासून आईला उद्या-उद्या म्हणत होते. उ. ला विचारलं, आधीचा मिळेल? "त्याच्यावरच सेव्ह केलंस ना? मग अवघड आहे."

लाज वाटली. अजून वाटतेय.

२३ नोव्हेंबर

दाखवणार नव्हते. स्क्रीनवर उघडा राहिला आणि आई मागून आली.

किती तरी वेळ बघितलं. मग वाकून स्क्रीनवर बोट ठेवलं, पायाच्या अंगठ्यावर. "कुऱ्हाड लागल्ती. नख परत आलंच न्हाई." मग हातांवर बोट. "तंबाकू मळून झालीया, आता उठत्याल." एवढी सलग ती महिनाभरात बोलली नव्हती.

मग म्हणाली, "डोस्कं कुटं हाय?"

"मी कापलं, आई. चुकून."

"मग लाव की."

चिडली नाही. फाटलेली उशी शिवायला सांगावी तसं म्हणाली.

२५ नोव्हें.

लावलं. कोटावरचा चेहरा उचलला, फेटा काढला, जुन्या मतदान ओळखपत्रावर बघून केस बसवले. दोन दिवस गेले. उन्हाचा रंग जुळवला. मानेचा सांधा दिसत नाही. कुठल्याही गिऱ्हाइकाने वाहवा केली असती.

आई म्हणाली, "पाय त्यांचं. वर दुसरा कोन तरी हाय."

का? "मस कुटं हाय?"

गालावरची चामखीळ. चेहरा साफ करायची माझ्या हाताला सवय. डाग दिसला की पुसायचा. दादांचीही पुसली, तेव्हा कळलंसुद्धा नाही. मतदान ओळखपत्रावर नाही दिसत. आधार कार्डावर अख्खा चेहराच काळा धब्बा. काकांना फोन केला. काका म्हणाले, "मस? व्हता का त्यांना?"

सख्खा भाऊ.

२६ नोव्हें.

आईला विचारलं, कुठल्या गालावर? "डाव्या." तशी बसवली. आई खूश. मीही. हलवायाकडून पेढे आणले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज म्हणाली, "आगं, हिकडं न्हाई. उजव्या." मी उजव्या गालावर केली. घटकाभराने पुन्हा डावा.

मी डोळे मिटून दादा आठवून बघितले. ताटावर बसलेले. पायरीवर बसलेले. दाढी करताना आरशातले. आरशातले आठवले की सगळंच उलटं होतं. इतकी वर्षं समोर होते आणि मला गाल सांगता येत नाही. चेहरे बघणं हाच माझा धंदा.

संध्याकाळी आईने माझा हात धरला. "तूच सांग की. लेक हाईस न्हवं त्यांची?"

म्हटलं, उजवा.

"व्हय. उजवाच."

प्रिंट काढून हातात दिली. मांडीवर घेऊन बसली आणि त्यांच्याशी बोलायला लागली. "आवं, औंदा कापूस येचाया बाया मिळंनात." मग तुरीचं सांगितलं, माझं सांगितलं, नंदी लई राबती म्हणाली. मी दारात उभी राहून ऐकलं. तिला इतकं सुखात मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

उजवा होता की डावा, देव जाणे.