सोळांवर मागितलेलं पान

बाबा,

आज रीनोच्या कॅसिनोत, मी पानं वाटते त्या टेबलावर, तुम्ही ब्लॅकजॅक खेळलात. तुमच्या कॅसिनोच्या सदस्य-कार्डावर ऑरिन टॅकेट हे तुमचंच नाव होतं, आणि कपाळावर आईकडच्या फोटोतला तोच व्रण. तुम्ही घर सोडलंत तेव्हा मी रांगत होते. मला कसं ओळखणार?

हातातल्या पानांची बेरीज सोळा असताना तुम्ही पान मागितलंत. दश्शी आली, बेरीज एकवीसच्या वर गेली आणि तुम्ही बुडालात. मी तुमच्या चिप्स ओढून घेतल्या. शेजारची म्हातारी अजून डावात होती, म्हणून मी माझं पान काढलं, तर मीही एकवीसच्या वर गेले. तिला पैसे मिळाले.

"तूही बुडालीस की," तुम्ही म्हणालात. "मग माझे परत दे."

"तुम्ही आधी बुडालात. खेळणाऱ्याला आधी पान घ्यावं लागतं, कॅसिनोची कमाई त्यातच आहे."

"लबाडी आहे ही, पोरी." हसत तुम्ही माझा बिल्ला वाचलात. "रोझमंड. झकास नाव. कुणी ठेवलं?"

"वडिलांनी."

"रसिक दिसतो. इथेच असतो का?"

"नाही."

तुम्ही मान हलवलीत आणि पुढच्या डावाच्या चिप्स मांडल्यात. मी पानं वाटली.

आई गेल्यापासून असलं काही सांगायला घरी कुणी नाही, म्हणून तुम्हालाच लिहिलं. पत्ता मला माहीत नाही.

तुमची,
रोझमंड